कंपनीच्या रंगाचे टवके उडतायत: अख्खं बॉनेट रंगवून घेऊ, की एकेक टवका भरू?

निळी गाडी:

गाडी सव्वादोन वर्षांची आहे. रंग गडद निळा मेटॅलिक, आजवर ३१ हजार किलोमीटर चालली. अपघात नाही, कुठे घासली नाही, एकाही पॅनेलवर रंगकाम झालेलं नाही. रोजचं जाणं-येणं हायवेवरून, दोन्ही वेळचं मिळून ७० किलोमीटर, आणि त्या पट्ट्यात खडीचे डंपर भरपूर.

रविवारी गाडी धुतल्यावर टॉर्च आडवा धरून बॉनेट बघितलं. उभ्याने बघताना चार-पाच टवके दिसायचे, त्यांच्याकडे मी काणाडोळा करत होते. आडव्या उजेडात पोटात गोळाच आला. प्रत्येक टवक्याशेजारी मास्किंग टेपचा बारका तुकडा चिकटवत गेले आणि मग मोजले. बॉनेटवर १९, त्यातले बहुतेक पुढच्या काठापासून वीतभर अंतरात. पुढच्या बंपरवर ९. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर एकेक. आणि मागच्या चाकाच्या पुढ्यात, दाराखालच्या पट्टीवर ४. एकूण ३४.

त्यातल्या एकाने मला जास्त घाबरवलंय. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याजवळ मागच्या महिन्यात मसुराच्या डाळीएवढा टवका होता. मी प्रेशर वॉशर मारला आणि तिथून रंगाचा पापुद्राच निघाला, जवळजवळ करंगळीच्या नखाएवढा. खाली गुळगुळीत राखाडी दिसतंय. तो पापुद्रा मी जपून ठेवलाय. एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूनेही निळाच, आणि प्लास्टिकच्या पातळ कागदासारखा वाकतो.

बाबांची जुनी गाडी आमच्याकडे १४ वर्षं होती. ती याच रस्त्यावरून चालली. तिला टवके नव्हते असं नाही, पण असा पापुद्रा कधी सुटलेला मला आठवत नाही. म्हणून सारखं वाटतं की हल्ली कंपन्या रंग फारच पातळ मारतात.

सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर दोन मिनिटांत उत्तर आलं, 'दगडाचे टवके वॉरंटीत बसत नाहीत.' दुसऱ्या एका वर्कशॉपने सांगितलं की बॉनेट आणि बंपर खरवडून पूर्ण रंगवून घ्या, नवीन दिसेल. तिसऱ्याने सिरॅमिक कोटिंगचं सुचवलं.

मला गाडी अजून दहा वर्षं तरी वापरायची आहे. विकायची नाही, मिरवायचीही नाही. पत्रा गंजू नये आणि मी जे करेन ते टिकावं, एवढंच. माझ्या रंगात खरंच दोष आहे का, हे कसं ओळखायचं? आणि आधी काय करू?


रोजचा हायवे:

माझा अनुभव सांगतो, म्हणजे निदान घाई तरी करणार नाही. माझ्या आधीच्या गाडीच्या बॉनेटवर वीस-बावीस टवके होते. मी पूर्ण बॉनेट रंगवून घेतलं. काम वाईट नव्हतं, शेडही छान जुळली होती. पण वर्षभरात त्याच काठावर पुन्हा टवके, आणि आधीच्यापेक्षा मोठे. आधी टाचणीच्या टोकाएवढे उडायचे, आता खपली निघाल्यासारखे. दोन ठिकाणी तर खालची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, दिसायला लागली, मला न सांगता भरलेली.

मग मी एक केलं. डंपरच्या मागे चिकटून राहणं बंद केलं. ओव्हरटेक करता येत नसेल तर सरळ मागे राहतो, एवढा मागे की त्याच्या टायरमधून सुटलेला खडा माझ्यापर्यंत यायच्या आत रस्त्यावर पडलेला असतो. आणि १०० ऐवजी ८० ने चालवतो. नव्या गाडीला अडीच वर्षं होत आली, बॉनेटवर सहा टवके आहेत. रस्ता तोच.

रंगाचं तांत्रिक मला कळत नाही, ते जाणकार सांगतील. पण नवीन रंग म्हणजे मजबूत रंग, असं धरून चालू नका.


बूथमधला:

ताई, मी १९ वर्षं पेंट बूथमध्ये, म्हणजे गाड्या रंगवायच्या बंद खोलीत, काम करतोय. तुम्ही तो पापुद्रा जपून ठेवलात हे फार बरं केलंत. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि ३४ हा आकडा त्यामानाने कमी महत्त्वाचा.

आधी रंगात काय काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कंपनीत कोरी बॉडी आधी धुऊन तिच्यावर फॉस्फेटचा अगदी बारीक थर देतात. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तिच्यावर प्रायमर बसवतात. त्याला आम्ही ई-कोट म्हणतो. साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा भट्टीत १६० ते १८० अंशांना भाजला जातो आणि पत्र्याच्या सांध्यात, पोकळीतसुद्धा पोचलेला असतो. त्याच्यावर ३०-४० मायक्रॉनचा सर्फेसर, म्हणजे ई-कोट आणि रंगाच्या मधला थर, बहुधा राखाडी. मग तुमचा निळा बेस, म्हणजे खुद्द रंगाचा थर, जेमतेम १५-२०. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, ४० च्या आसपास. सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉन. माणसाचा एक केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्यात हे सगळे थर आले. काही कंपन्यांनी तर सर्फेसर वेगळा मारणं बंद करून त्याचं काम बेसच्याच पहिल्या थरावर सोपवलंय.

आता तुमची 'पातळ रंग' ही शंका. ती पूर्ण चूक नाही, पण जाडी वाढवली की टवके थांबतात हेही खरं नाही. रोजचा हायवे यांचं बॉनेट त्याचंच उदाहरण आहे. थर जितके जाड, तितका टवका मोठा आणि खोल निघतो, कारण जाड रंग लवचीक राहत नाही. दुसरं म्हणजे, क्लिअर कोटवर ओरखडे पडू नयेत म्हणून तो कडक लागतो, आणि दगडाचा मार सोसायला तर थोडा मऊ हवा. या दोन्हींची ओढाताण कुठल्याच रंगात सुटलेली नाही. मार पचवायचं काम मुख्यतः सर्फेसर करतो. थंडीत सगळेच थर ठिसूळ होतात, म्हणून गारठलेल्या सकाळी टवके जास्त उडतात. रंगाच्या प्रयोगशाळेत याची चाचणीच असते. एसएई जे४०० म्हणून पद्धत आहे, त्यात दाबाच्या हवेने पॅनेलवर खडी मारतात आणि किती टवके उडाले, कुठल्या थरापर्यंत गेले, हे मोजतात. कुठल्या थरापर्यंत गेले, हे तुम्हीही घरी बघायचंय.

आणि वेग. दगडाच्या माराची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १०० वर गेलात तर वेग पाव पट वाढला, पण मार दीडपटीहून जास्त. रोजचा हायवे यांच्या नव्या गाडीवर सहाच टवके असण्याचं कारण बरंचसं तिथे आहे.

आता तुमचं काम. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, टॉर्च आडवा धरा, आणि एकेका टवक्याच्या तळाशी कुठला रंग दिसतोय ते लिहून काढा. नुसतं पांढुरकं, आणि निळा शाबूत: फक्त क्लिअर उडालाय. राखाडी: सर्फेसरवर थांबलाय. त्याहून गडद, काळपट किंवा वेगळी राखाडी: ई-कोट उघडा पडलाय. चकचकीत किंवा तपकिरी ठिपका: पत्रा. ई-कोट शाबूत असेल तोवर घाई नाही. पत्रा दिसत असेल तर या आठवड्यात हात घाला.

मग कडा बघा. दगडाच्या टवक्याची कड वेडीवाकडी असते, आणि भिंगातून पायऱ्या दिसतात, क्लिअरची एक, बेसची एक, सर्फेसरची एक. पण तळ एकसारखा गुळगुळीत, एकच रंग, कड ब्लेडने कापल्यासारखी, आणि दगड एवढासा असून रंग नखाएवढा गेला, तर दगडाने फक्त दार उघडलं. रंग आधीपासूनच खालच्या थराला धरून नव्हता. तुमचा पापुद्रा दोन्ही बाजूंनी निळा आहे, म्हणजे बेस सर्फेसरवरून सुटलाय. असं का होतं? सर्फेसर भट्टीत जास्त भाजला गेला, बॉडी मध्ये थांबली आणि तिच्यावर कशाचा तरी अंश बसला, बेस नीट सुकायच्या आत क्लिअर पडला. यातलं काहीही असू शकतं. पण तो दोष रंगाचा आहे, रस्त्याचा नाही.

खात्री करायची तर त्या एकाच जागी, चांगली चिकट टेप कडेवर अंगठ्याने घट्ट दाबा आणि झटक्यात उलटी ओढा. आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, नंतर पुन्हा काढा. बाकीच्या टवक्यांवर हा प्रयोग करू नका.

अजून एक. बॉनेटला लोहचुंबक लावून बघा, मध्ये कापड ठेवून. चिकटलं नाही तर बॉनेट बहुधा ॲल्युमिनियमचं आहे. त्याला तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते, आणि प्रायमरही वेगळा लागतो.

तोवर प्रेशर वॉशर बंद. पाणी उघड्या कडेखाली पाचरीसारखं शिरतं. वापरायचाच झाला तर निदान फूटभर लांबून, आणि नोझल कडेवर कधीही रोखायचं नाही.


निळी गाडी:

बूथमधला दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी बसून सगळं लिहून काढलं. दोन तास लागले, पण एवढं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

लोहचुंबक चिकटतं, म्हणजे बॉनेट पोलादी पत्र्याचं. बॉनेटवरच्या १९ पैकी १२ टवके राखाडीवर थांबलेत. चारांच्या तळाशी गडद, जवळजवळ काळा ठिपका आहे, त्याच्याभोवती राखाडी वर्तुळ आणि मग निळा. भिंगातून त्या पायऱ्या खरंच दिसतात. दोन ठिकाणी पत्रा. त्यातल्या एकात तपकिरी डाग आहे, मोहरीपेक्षाही बारीक, दुसरा अजून चकचकीत. आणि उरलेला तो पापुद्र्याचा. बंपरच्या सगळ्या नऊंखाली काळं प्लास्टिक किंवा त्यावरचा प्रायमर. खांबांवरचे दोन्ही राखाडीवर. दाराखालचे चारही राखाडीवर, पण तिथला रंग मुळातच खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखा आहे. तो तसाच असतो का?

टेपचा प्रयोग केला. हात थरथरत होता. टेपबरोबर आणखी दोन-तीन मिलिमीटरची पट्टी निघून आली, निळी, दोन्ही बाजूंनी. खाली पुन्हा तीच गुळगुळीत राखाडी, ओरखडासुद्धा नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो पट्टीसकट काढलेत.

आता मला राग आलाय, कारण सर्व्हिस सेंटरने यातलं काहीच न बघता उत्तर दिलं होतं. परत गेले तर काय म्हणू? आणि ते दोन पत्र्याचे टवके थांबवायचे कसे?


बूथमधला:

दाराखालचा खडबडीतपणा मुद्दाम दिलेला असतो. तो टवकेरोधक जाड, मऊ थर आहे, तुमच्याच पुढच्या चाकातून उडणारे खडे झेलायला. त्या चार टवक्यांना डंपर जबाबदार नाही. पुढच्या चाकामागचे मडफ्लॅप आहेत का, फाटलेत का, ते बघा. टायर मापापेक्षा रुंद बसवून बॉडीबाहेर आले असतील तर हे टवके वाढतच जातात.

सर्व्हिस सेंटरला जाताना 'टवके' हा शब्द वापरूच नका. सगळे एकत्र सांगितलेत की तुमचा पापुद्रा दगडांच्या ढिगात गाडला जाणार. लेखी द्या, फक्त त्या एका जागेबद्दल: 'बेस कोट सर्फेसरवरून सुटतोय, टेपने आणखी निघतोय.' पापुद्रा पाकिटात घालून न्या, फोटो जोडा, आणि तपासणाऱ्याला सांगा की तुम्ही स्वतः टेप लावून बघा. जाडीच्या मीटरने बॉनेटवर दहा ठिकाणी रीडिंग घ्यायला लावा आणि ती कागदावर मागून घ्या. १०० ते १४० च्या दरम्यान आली की हे बॉनेट आधी कुणी रंगवलेलं नाही हे सिद्ध होतं, नाहीतर तोच आक्षेप घेतील. लांबी भरलेली असती तर आकडा कित्येक पट वर गेला असता. दगडाचा मार बहुतेक वॉरंट्यांमध्ये बसत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. थर सुटणं ही वेगळी तक्रार आहे, आणि ती कागदावर यायला हवी.

त्यांनी मान्य केलं तर बॉनेट रंगवावं लागेल, कारण सुटणाऱ्या रंगाच्या कडेला टचिंग करण्यात अर्थ नाही, शेजारचा सुटत जाणार. पण एक गोष्ट नक्की सांगा: घासायचं ते सुटणारा बेस जाईपर्यंत आणि सर्फेसरला पकड येईपर्यंतच. सगळं नागड्या पत्र्यापर्यंत खरवडू देऊ नका. १६० अंशांना भाजलेला ई-कोट कुठल्याही वर्कशॉपमध्ये परत मिळत नाही. जोडलेल्या गाडीत वायरिंग असतं, रबर असतं, प्लास्टिक असतं, म्हणून आम्ही ६० अंशांच्या आसपास भाजतो आणि हार्डनरवर, म्हणजे रंग कडक करणाऱ्या रसायनावर, काम भागवतो. चांगलं होतं, पण कंपनीच्या ई-कोटसारखं नाही. त्या वर्कशॉपचं 'पूर्ण खरवडून' ऐकून म्हणूनच मला वाईट वाटलं.

बंपर सोडून द्या. प्लास्टिक गंजत नाही. दिसायला खटकत असेल तर रंगाच्या पेनाने ठिपके द्या.

तपासणी होऊन फोटो निघाले की पत्र्याच्या दोन टवक्यांना त्याच दिवशी हात घाला. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, त्यावरून टचिंगच्या निळ्याची आणि क्लिअरची ब्रशवाली बाटली घ्या. सरावासाठी आधी दाराखालचा एक टवका घ्या.

जागा शॅम्पूने धुवा, सुकवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा पॉलिशचा अंश राहिला तर सगळी मेहनत फुकट. तपकिरी ठिपका सुईच्या टोकाने किंवा काचतंतूच्या पेनाने हळू खरवडा, चकचकीत दिसेपर्यंतच. पत्र्यावर जस्त असेल तर ते जेमतेम ७ ते १० मायक्रॉनचं असतं, जोर केलात तर तेच निघून जाईल. मग टूथपिकच्या टोकाने एपॉक्सी प्रायमरचा ठिपका, फक्त पत्र्यावर, राखाडी कडेवर नाही. तो पूर्ण सुकू द्या. निळ्याची बाटली दोन-तीन मिनिटं हलवा, मेटॅलिकचे कण तळाशी बसलेले असतात. पातळ थेंब, अर्धा तास थांबा, पुन्हा थेंब. रंग सुकताना बसतो, म्हणून एका दमात खड्डा भरायला जाऊ नका. निळा शेजारच्या पातळीच्या किंचित खाली ठेवा आणि क्लिअर किंचित वर येऊ द्या. उन्हात नाही, दमट हवेत नाही. क्लिअर निदान आठवडाभर वाळल्यावर हवं तर २००० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, खोडरबराच्या कोपऱ्याला गुंडाळून, फक्त त्या उंचवट्यावर फिरवा, मग ३०००, मग पॉलिश. क्लिअर कोट ४० मायक्रॉनचाच आहे हे विसरू नका. उंचवटा तसाच ठेवला तरी पत्रा सुरक्षितच आहे.

आणि हे कळकळीने सांगतो: हार्डनर मिसळलेल्या क्लिअरचे स्प्रे कॅन मिळतात, ते घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतं. आमच्याबरोबरचा एक चांगला कारागीर साध्या मास्कवर वर्षानुवर्षं मारत राहिला, आता त्याला बूथजवळ उभंही राहवत नाही, दम लागतो. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय ते काम करायचं नसतं. ब्रशच्या बाटलीवर तुमचं भागतंय.


फिल्मचं काम:

मी पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, बसवतो, म्हणून फक्त त्याबद्दल. सिरॅमिक कोटिंगने टवके थांबत नाहीत. तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो, धुण्याला सोपं पडतं आणि चमक राहते, पण दगडापुढे त्याचं काही चालत नाही. त्याच्या कडकपणाबद्दल '९एच' म्हणतात ती पेन्सिलने ओरखडा पडतो का याची चाचणी आहे, दगडाच्या माराची नाही.

दगड झेलते ती फिल्म. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या अख्ख्या रंगापेक्षा जाड, आणि मुख्य म्हणजे लवचीक. मोठा, टोकदार दगड जोरात आला तर तीही फाटते, पण रोजची बारीक खडी ती पचवते.

ताई, तुमच्या बाबतीत मात्र थांबा. ज्या बॉनेटचा रंग टेपने निघतोय त्यावर मी फिल्म लावणार नाही. लावताना कडा ताणतो तेव्हा, किंवा पुढे कधी काढताना, रंग तिच्याबरोबर येईल. बॉनेट रंगवलं गेलं तर रंग पूर्ण वाळायला निदान महिनाभर द्या, रंगवणाऱ्याला विचारा, मगच फिल्म. तोवर दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा भाग लावून घ्या, तिथला रंग तुमच्या सांगण्यावरून घट्ट आहे. पुढच्या बंपरमागे रडार असेल तर त्याच्या समोरच्या जागेबद्दल गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघून मगच तिथे फिल्म किंवा जास्तीचा रंग.


निळी गाडी:

काय झालं ते सांगते.

मंगळवारी लेखी तक्रार घेऊन गेले. काउंटरवर तेच उत्तर मिळालं, मग मी पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, टवक्यांबद्दल मी आलेलीच नाही, एवढी एक जागा बघा. बॉडीशॉपचे वयस्कर गृहस्थ बाहेर आले. त्यांनी पापुद्रा उलटसुलट करून बघितला, आपल्या खिशातली टेप काढून कडेवर दाबली आणि ओढली. पुन्हा तीन मिलिमीटर. मग ते काही न बोलता मीटर घेऊन आले. दहा रीडिंग, सगळ्यात कमी १०४, सगळ्यात जास्त १२१. त्यांनी स्वतःच कागदावर लिहून सही केली. तक्रार कंपनीकडे गेली आहे, उत्तर यायचंय. ई-कोटपर्यंत घासू नका हे मी सांगितलं, तर ते म्हणाले, 'घासायचं कारणच नाही, सर्फेसर घट्ट आहे.' तेव्हा जरा जीवात जीव आला.

दाराखालचे चारही टवके आधी भरले. पहिला बिघडला, थेंब मोठा पडला आणि ओघळ आला. अल्कोहोलच्या बोळ्याने लगेच पुसून पुन्हा केला. चौथ्यापर्यंत हात बसला.

मग बॉनेटवरचा तपकिरी. भिंगाखाली सुईने खरवडताना तपकिरी भुगा निघतो तो शेजारच्या निळ्यावर पिठासारखा पसरतो, तो दर वेळी फुंकून पुसावा लागतो. चौथ्या-पाचव्या खेपेला मधोमध टाचणीच्या टोकाएवढं चकचकीत दिसलं आणि मी थांबले. प्रायमरचा ठिपका पत्र्यावर टेकवला की तो आपोआप गोल पसरतो आणि काळ्या कडेपाशी येऊन थांबतो. ते बघताना दादांचं 'फक्त पत्र्यावर' कळलं. निळ्याचे तीन थर दिले. ओला असताना फारच गडद वाटला, चुकीचा कोड आणला की काय असं वाटलं. सकाळी सुकून खाली बसला होता आणि शेजारच्या निळ्यात मिसळला होता. समोरून बघितलं तर सापडत नाही. बाजूने बघितलं तर मेटॅलिकचे कण वेगळे चमकतात, तेवढं चालेल मला. क्लिअरला आज चौथा दिवस. पॉलिश पेपर लावणार नाही, उंचवटा राहू दे.

दुसऱ्या चकचकीत ठिपक्यालाही तसंच केलंय. पुढच्या डाव्या चाकामागचा मडफ्लॅप अर्धा फाटलेला निघाला, तो बदलला. चारपैकी तीन टवके डाव्याच बाजूला होते.

कंपनीचं उत्तर आलं की इथेच कळवते. दादा, बॉनेट रंगवायला घेतलं तर मी भरलेले हे दोन ठिपके त्यांनी काढून टाकावेत, की आहेत तसे राहू द्यावेत?


बूथमधला:

काढायला सांगा. बाटलीतला निळा त्यांच्या थिनरने मऊ पडतो आणि वरच्या नव्या रंगाला त्या जागी सुरकुती येते. खालचा एपॉक्सी प्रायमर नीट वाळलेला असेल तर तो मात्र राहू द्या म्हणावं, आणि गाडी देतानाच त्या दोन जागा मास्किंग टेप लावून दाखवा.